पांढऱ्या भाताची किंमत

सरकारी गोदामे भरलेली असणे आणि माणसाचे पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भंडारा जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा जिल्हा धानाचे कोठार म्हणून ओळखला जातो. तुमसरची बाजारपेठ, पवनी-लाखांदूरच्या बांध्या, साकोली-लाखनीकडचे मालगुजारी तलाव, भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर, या सगळ्यांचा जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. भुकेविरुद्धच्या दीर्घ लढ्यातील ही कमाई आहे आणि तिला कमी लेखण्याचे पाप आम्ही करणार नाही. परंतु जो प्रश्न आजवर आपल्या चळवळीने विचारला नाही, तो आता विचारणे भाग आहे. पोट भरते, पण कशाने भरते?

हा प्रश्न केवळ चवीचा किंवा चैनीचा असता तर त्यासाठी या पानाची जागा अडवण्याचे कारण नव्हते. गेल्या अर्धशतकात आहारशास्त्राने आणि रोगविज्ञानाने जी माहिती गोळा केली आहे, तिच्यावरून असे दिसते की माणूस पिष्टमय अन्न किती खातो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ते कोणत्या दर्जाचे खातो याला आहे. आणि या दर्जाचा संबंध मधुमेह व हृदयविकाराशी आहे, तसाच काही प्रकारच्या कर्करोगांशीही आहे. जिथे सकाळ-संध्याकाळ भात हेच जेवण आहे, तिथल्या शेतमजुराला, विडी वळणाऱ्या बाईला, गिरणीतल्या हमालाला हे सांगितले गेले पाहिजे. नुसते सांगून मात्र भागणार नाही. त्याच्या ताटात काय पडावे हे बव्हंशी तो ठरवत नाही, शासन ठरवते. म्हणून हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच राजकारणाचाही आहे.

दर्जा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. धानाच्या दाण्यावर बाहेरून तुसाचे कवच असते. ते काढले की तपकिरी तांदूळ उरतो. त्याच्यावरच्या पातळ थरांत, म्हणजे कोंड्यात, आणि टोकाच्या अंकुरात तंतू, जीवनसत्त्वे, लोह व स्निग्धांश साठवलेले असतात. आत उरतो तो जवळजवळ निव्वळ पिष्टाचा साठा. गिरणीत पॉलिश करताना कोंडा आणि अंकुर निघून जातात आणि पांढराशुभ्र, टिकाऊ, देखणा तांदूळ बाहेर पडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे २.८ ग्रॅम तंतू असतात, तपकिरी तांदळात ४.४ ग्रॅम, ज्वारीत १०.२, नाचणीत ११.२ आणि गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅमांहून थोडे अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू मिळावेत असे म्हटले आहे. आता हिशेब करा. दरमहा ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम तांदूळ. त्यातून मिळणारे तंतू ५ ग्रॅमही भरत नाहीत. तेवढीच ज्वारी असती तर १७ ग्रॅम मिळाले असते. उरलेली तूट डाळी, भाज्या आणि फळे यांनी भरून काढावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ती विकत घेण्याची ऐपत कोणाला, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

तंतूंचा आणि कर्करोगाचा संबंध प्रथम ठामपणे मांडला तो डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्याने. युगांडात अनेक वर्षे काम करताना त्याच्या लक्षात आले की युरोपात सर्रास आढळणारा मोठ्या आतड्याचा कर्करोग तिथल्या खेडुतांत फारच विरळा आहे. जाडेभरडे धान्य आणि कंदमुळे खाणाऱ्यांचा आहार चोथ्याने समृद्ध असतो आणि हेच त्याचे कारण असावे, असे त्याने १९७१ मध्ये प्रतिपादन केले. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोणते अन्न खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते याचे मोजमाप मांडले. त्यालाच ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. या दोन धाग्यांवर पुढचे पुष्कळसे संशोधन उभे राहिले.

त्या संशोधनाचा ताळेबंद २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेवरून मांडला गेला. १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र तपासल्यावर असे आढळले की भरपूर तंतू खाणाऱ्यांत, अगदी कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यू, हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. सर्वाधिक लाभ दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांना दिसला. अखंड धान्यांचे निष्कर्षही याच दिशेचे होते. ग्लायसेमिक निर्देशांकाचा पुरावा मात्र इतका भक्कम निघाला नाही. २०१८ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन निधीनेही असाच निर्वाळा दिला होता. अखंड धान्य व तंतू हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून 'बहुधा' संरक्षण देतात आणि रक्तातली साखर वारंवार चढवणारा आहार गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका 'बहुधा' वाढवतो, असे त्याचे म्हणणे. शास्त्राच्या भाषेत 'बहुधा' हा शब्द मोजूनमापून वापरलेला असतो. त्याचा अर्थ 'कदाचित' नव्हे, आणि 'निश्चित'ही नव्हे.

हे घडते कसे? मोठ्या आतड्यात पोचलेल्या तंतूंवर तिथले जिवाणू जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते प्रमुख इंधन असून बिघडलेल्या पेशींच्या वाढीस आळा घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. चोथ्यामुळे मळ लवकर पुढे सरकतो आणि त्यातील घातक द्रव्यांचा आतड्याशी संपर्क कमी होतो. दुसरा मार्ग इन्सुलिनचा. झरझर पचणारे पिष्ट वारंवार आणि मोठ्या प्रमाणात खाल्ले, अंगमेहनत घटली, पोटावर चरबी साठली, की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मग रक्तात इन्सुलिन साचून राहते आणि ते पेशींच्या वाढीला उत्तेजन देते. लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्यांत यकृत, स्वादुपिंड व गर्भाशय यांचे कर्करोग अधिक आढळतात, त्याची एक कडी येथे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचे सांगितले. त्याच पाहणीच्या २०२५ मधील अहवालानुसार भारतीय माणसाच्या आहारातील ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि त्यांतला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेले गहू आणि साखर यांचा आहे.

एवढे सांगितल्यावर काही इशारे देणेही आमचे कर्तव्य आहे, कारण अर्धवट ज्ञानाचा बाजार मांडणारे पुष्कळ आहेत. पांढरा भात म्हणजे विष नव्हे. जपानमधील हजारो भातखाऊ स्त्रीपुरुषांच्या दीर्घ पाहणीत भात आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा थेट संबंध आढळलेला नाही. भातासोबत ताटात आणखी काय असते, यावर बरेच अवलंबून आहे. 'साखर कर्करोगाला पोसते' म्हणून रुग्णाला उपाशी ठेवणारे सल्लागार तर धोकादायकच आहेत. उपचार घेणाऱ्या रुग्णाला पुरेसे अन्न हवे असते. विज्ञानाची प्रकृतीही सरळसोट नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या सुमारे ९०० लोकांवर युरोपात आणि अन्यत्र एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना दररोज ३० ग्रॅम न पचणारे पिष्ट सरासरी दोन वर्षे देण्यात आले. २०२२ मध्ये त्याचे दीर्घकालीन निष्कर्ष आले. ज्यासाठी प्रयोग केला, त्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर काहीच परिणाम दिसला नाही; परंतु त्या कुटुंबांत होणारे इतर कर्करोग, विशेषतः जठर व स्वादुपिंडाच्या बाजूचे, जवळपास निम्म्यावर आले. अन्नाचा परिणाम होतो, पण आपण योजतो त्याच वाटेने होतोच असे नाही, हा या प्रयोगाचा धडा आहे.

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. विदर्भात कर्करोगाचे पहिले कारण ताटात नाही, खर्ऱ्याच्या पुडीत आणि विडीच्या कट्ट्यात आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असताना खर्रा गावोगावी घोटला जातो आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण नागपूरच्या रुग्णालयांच्या दारात रांगा लावतात. ग्रामीण कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. तिने काय दाखवले? त्या ज्वारीच्या मुलखात स्त्रियांना सर्वाधिक ग्रासणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. त्याचे कारण विषाणू आहे, त्यावर इलाज तपासणीचा आणि लशीचा आहे, आणि ज्वारीची भाकरी तिथे काही करू शकत नाही. भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग पश्चिमेच्या मानाने अजून बराच कमी आहे, हेही खरे. तो कमीच राहावा यासाठी मात्र आजच विचार करायचा असतो. कर्करोग बळावायला दशके लागतात. आज अंगणवाडीतले मूल जे खाते त्याचा जाब त्याचे शरीर २०६० साली देईल.

आता भंडाऱ्याकडे वळू. धानपट्ट्याचा आहार पूर्वी केवळ भाताचा नव्हता. उभ्या धानाच्या ओलसर बांधीत कापणीपूर्वीच लाखोळी, जवस यांचे बी फेकायचे आणि धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ते पीक घ्यायचे, ही उतेऱ्याची पद्धत या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बांधांवर तूर असे. माळावर ज्वारी आणि जंगलाकडे कोदो-कुटकी होत असे. ढेकीत किंवा उखळात सडलेल्या तांदळाला कोंड्याचा काही अंश चिकटून राही. हे सारे अन्न गरिबीचे होते आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लाखोळी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खावी लागली तर पाय लुळे पडतात. याच कारणाने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. ढेकीवर बाईचे कंबरडे मोडत असे. पण त्या कष्टांतून सुटका करताना आपण त्या अन्नातले सत्त्वही सोडून दिले. सिंचन आले तिथे उन्हाळी धान आले, हमीभावाची खरी खरेदी धानाचीच झाली, आणि शिधापत्रिकेवर तांदूळ मिळू लागल्यावर कोदो सडत बसण्याचे कारण उरले नाही. यात शेतकऱ्याचा दोष नाही. ज्याला खात्रीचा भाव, तेच तो पेरणार.

पॉलिशचा वाद आपल्याकडे नवा नाही. डच अमलाखालील जावामध्ये १८९० च्या दशकात एैकमन या वैद्याला दिसले की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगाने लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. या शोधासाठी त्याला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो भंडाऱ्यापासून फार लांब नसलेल्या वर्ध्याला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते आणि हातसडीचा तांदूळ हा संघाच्या कार्यक्रमातील प्रमुख विषय होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये हातसडीच्या धंद्याला संरक्षण देण्यासाठी तांदूळ गिरणी नियमन कायदा झाला. उदारीकरणाच्या वाऱ्यात १९९७ मध्ये तो रद्द झाला. गिरण्या बंद करून ढेकी परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कायदा गेला तेव्हा त्याच्यासोबत 'तांदूळ किती सडावा' हा सार्वजनिक प्रश्नही गेला. त्याचे उत्तर गिरणीच्या यंत्रावर आणि सरकारी खरेदीच्या निकषांवर सोपवले गेले.

त्या निकषांचे अर्थकारण पाहण्यासारखे आहे. आधारभूत खरेदी केंद्रावर घेतलेले धान शासन भरडाईसाठी गिरण्यांना देते. १०० किलो धानामागे कच्चा तांदूळ ६७ किलो परत करायचा, भरडाईचा केंद्रीय दर जुजबी, आणि कोंडा-तूस गिरणीकडे राहणार, असा हा व्यवहार आहे. कोंड्यातून तेल काढणारे कारखाने तो विकत घेतात. त्याचे शुद्ध तेल 'हृदयाला हितकारक' म्हणून शहरातल्या दुकानांत विकले जाते आणि पेंड गुरांच्या खाद्यात जाते. म्हणजे शेतकऱ्याने पिकवलेल्या दाण्यातले सत्त्व शहरातल्या बाटलीत आणि गोठ्यात जाते, आणि पिष्ट तेवढे मजुराच्या ताटात येते. पुढचा अंक याहून विचित्र आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी शासकीय योजनांतून पौष्टिकीकृत तांदूळ देण्याची घोषणा केली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून कारखान्यात बनवलेले दाणे, साध्या १०० दाण्यांत १ या प्रमाणात मिसळायचे, ही ती योजना. ब-१२ वनस्पतीत नसते हे मान्य. रक्तक्षयाचा प्रश्न गंभीर आहे हेही मान्य. पण कोंड्यासोबत काही लोह व फोलेट आधी काढून टाकायचे आणि मग कारखान्यातून विकत घेऊन परत घालायचे, या प्रकाराला पोषणनीती म्हणावे काय? आणि यात तंतू तर परत येतच नाहीत.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की लोकांनाच पांढरा तांदूळ हवा आहे. होय, हवा आहे. शुभ्र भात ही मालकाच्या पंगतीची खूण होती आणि ज्याच्या पूर्वजांनी कोदोवर दिवस काढले त्याला ती हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून तेच कोदो शहरातल्या श्रीमंतांच्या ताटात सोन्याच्या भावाने मिरवते आहे. गरिबाचे अन्न गरिबाला लाज वाटून सुटले आणि श्रीमंताला फॅशन म्हणून सापडले. गरिबाने पुन्हा मागे जावे असे सांगण्याचा नैतिक अधिकार कुणालाच नाही. त्याला दोन्हींतून निवडता यावे एवढीच मागणी आहे. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. कोंड्यातील तेलामुळे तपकिरी तांदूळ काही महिन्यांत खवट होतो, हे खरे. पण धान टिकते. गोदामात तांदूळ साठवण्याऐवजी धान साठवावे आणि महिन्याच्या गरजेपुरते तालुक्यातच भरडावे, तर ही अडचण पुष्कळशी दूर होईल आणि लहान गिरण्यांना व बचत गटांना कामही मिळेल. तिसरा आक्षेप खर्चाचा. कमी सडलेल्या तांदळात कोंड्याचा काही भाग दाण्यावरच राहतो, म्हणजे तेवढ्याच धानातून अन्न थोडे जास्तच मिळते. खर्च आहे तो व्यवस्था बदलण्याचा, आणि तो कर्करोगाच्या एका रुग्णामागे विकल्या जाणाऱ्या शेतीच्या किमतीशी ताडून पाहावा.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने ज्यांना लोकसभेत पाठवले, त्या अशोक मेहतांच्याच अध्यक्षतेखाली १९५७ मध्ये अन्नधान्य चौकशी समिती नेमली गेली होती. तेव्हा प्रश्न होता तो धान्य पुरेल काय आणि ते कोणत्या भावाने मिळेल हा. त्या काळाचा तो रास्त प्रश्न होता. सत्तर वर्षांनी गोदामे ओसंडत असताना प्रश्नही पुढे सरकला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. २०१३ च्या कायद्याने तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्यही दिले आहे. ते कागदावर न ठेवता धानपट्ट्यातील स्वस्त धान्य दुकानांत ज्वारी व नाचणी नियमित मिळावी आणि तीही सक्तीने नव्हे, कार्डधारकाच्या निवडीने. शिध्यात डाळ कायमची यावी; १०० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत १५ ग्रॅम तंतू आहेत आणि प्रथिने वेगळीच. भरडाईच्या अटींत पॉलिशची मर्यादा घालावी आणि शाळेतील पोषण आहार व अंगणवाडी यांपासून कमी सडलेल्या किंवा उकड्या तांदळाचा आरंभ करावा. कोदो-कुटकीला शेजारच्या छत्तीसगढने आपला आधारभाव देऊन खरेदी केली. महाराष्ट्राने तेच करावे आणि उतेऱ्याच्या कडधान्यांनाही खरेदीचा आधार द्यावा. धानपट्ट्यासाठी बार्शीसारखी कर्करोगाची नोंदणी उभी राहावी आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी खरोखर व्हावी.

यांतली एकही मागणी कर्करोग हद्दपार करणार नाही. तसे आश्वासन देणारा एक तर अडाणी असतो, नाही तर विक्रेता. परंतु रोगाचा धोका थोडा कमी करणे हे ज्या समाजाच्या हाती आहे, त्याने ते न करणे हा निसर्गाचा कोप नव्हे, धोरणाचा अपराध आहे. येत्या हंगामात खरेदी केंद्रांवर हमीभावासाठी आणि बोनससाठी मोर्चे निघतील, निघालेच पाहिजेत. त्या मोर्चांच्या मागणीपत्रावर या वेळी आणखी एक ओळ असावी: आमचे धान भरडताना किती कोंडा काढायचा, हे ठरवताना ते खाणाऱ्यालाही विचारा.